लांबीची कसोटी

मीडियम फॉरमॅट या नावाने ओळखली जाणारी छायाचित्रणाची फिल्म सुमारे ६१ मिलिमीटर रुंद असते. कोडॅक कंपनीने १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी मालिकेतील एका पेटीवजा कॅमेऱ्यासाठी या रुंदीचा जो रोल बाजारात आणला, तोच पुढे १२० या क्रमांकाने जगभर रूढ झाला. या रोलमध्ये फिल्मच्या पाठीशी तिच्याहून लांब असा काळा कागद गुंडाळलेला असतो. तो फिल्मला प्रकाशापासून जपतो, आणि त्याच्या पाठीवर छापलेले आकडे जुन्या कॅमेऱ्यांच्या मागील लाल खिडकीतून दिसत असल्यामुळे कितवे चित्र चालू आहे हेही कळते. कागदाखालची फिल्म मात्र जेमतेम ८० ते ८५ सेंटिमीटर लांब असते आणि तिच्यावर सहा बाय सहा सेंटिमीटर मापाची बारा चित्रे बसतात. १९६५ मध्ये याच रुंदीचा, परंतु दुप्पट लांबीचा २२० क्रमांकाचा रोल आला. त्यात पाठीचा कागद काढून टाकून फक्त आरंभी आणि शेवटी कागदाचा तुकडा ठेवला गेला. त्यामुळे गुंडाळीची जाडी घटली आणि त्याच मापाच्या स्पूलवर, म्हणजे फिल्म ज्या फिरकीवर गुंडाळतात तिच्यावर, दीड मीटरहून अधिक फिल्म मावू लागली. बाराच्या जागी चोवीस चित्रे मिळाली, पण लाल खिडकीचे कॅमेरे या रोलसाठी निरुपयोगी ठरले, कारण खिडकीतून येणारा प्रकाश आडोशाला कागद नसल्यामुळे थेट फिल्मवर पडला असता.

ही वाढीव लांबी ज्यांच्यासाठी निर्माण झाली, ते मुख्यतः लग्नसमारंभ, फॅशन आणि बातम्या टिपणारे व्यावसायिक छायाचित्रकार होते. ऐन प्रसंगी रोल संपून कॅमेरा उघडावा लागणे ही त्यांची सततची अडचण होती आणि दुप्पट लांबीमुळे ती निम्म्यावर आली. यशिका मॅट १२४ जी या जपानी कॅमेऱ्यात फिल्मला सपाट धरून ठेवणारी मागील दाबपट्टी सरकवून तो दोन्ही प्रकारच्या रोलसाठी वापरता येत असे. हॅसलब्लाड कंपनीने बारा चित्रांसाठी आणि चोवीस चित्रांसाठी फिल्मच्या वेगवेगळ्या पेट्या बनवल्या आणि ७० मिलिमीटर रुंदीच्या, कडांना भोके असलेल्या फिल्मसाठी सत्तर चित्रांची पेटीही बनवली. कॅमेऱ्यापुरता विचार केला तर लांबी ही निखळ सोय आहे. परंतु तोच रोल घरी धुवायला घेतला की लांबी ही जबाबदारी होते, कारण रसायनांच्या टाकीत एका चुकीचे मोल चोवीस चित्रांनी चुकते करावे लागते आणि पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत प्रत्येक इंचाला सारखाच न्याय मिळावा लागतो. लांब रोल धुण्याची सारी विद्या या एकाच अपेक्षेभोवती उभी आहे.

महाराष्ट्रात या रुंदीची फिल्म दीर्घकाळ घरोघर परिचित होती. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांचा पहिला कॅमेरा ठरला आणि त्यात १२० क्रमांकाचाच रोल पडत असे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून उत्पादन सुरू झाले आणि तेथील ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म गावोगावच्या स्टुडिओंत पोचली. बाराच चित्रे असल्यामुळे ती जपून, सणावाराला, पाहुण्यारावळ्यांच्या उपस्थितीत काढली जात, रोल पुरा व्हायला कधी महिने लागत, आणि मग तो स्टुडिओत ‘धुवायला’ दिला जाई. चित्रे काढणारा एक आणि ती धुणारा दुसरा, अशी विभागणी या व्यवस्थेत गृहीत होती. आपल्या रोलचे काळ्या खोलीत नेमके काय होते, याची चौकशी करण्याची गरज बहुतेकांना वाटली नाही. ज्या थोड्यांना वाटली त्यांनी रात्री न्हाणीघराच्या फटी बुजवून घरातच काळी खोली उभी केली आणि छायाचित्रणाचा उरलेला अर्धा भाग स्वतःच्या हाताने शिकून घेतला.

घरी फिल्म धुण्याला मराठी मुलखात याहूनही जुना आणि मोठा वारसा आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला आणि पुढच्या वर्षी, ३ मे १९१३ रोजी, ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात प्रदर्शित झाला. त्या चित्रपटाची फिल्म दादर येथील राहत्या घरीच धुतली गेली. त्या काळी कच्ची फिल्म कडांना भोके न पाडताच मिळत असे, त्यामुळे अंधारात यंत्रावर भोके पाडणे, रसायने मिसळणे आणि फिल्म धुणे ही कामे सरस्वतीबाई फाळके यांनी शिकून घेतली, आणि दिवसभर चित्रणासाठी जमलेल्या मंडळींच्या जेवणाची व्यवस्था पाहून त्या ही कामे करीत. ती फिल्म ३५ मिलिमीटर रुंदीची होती आणि तिची लांबी हजारो फुटांत मोजावी लागे, त्यामुळे आजच्या दीड मीटरच्या रोलशी तिची बरोबरी करणे शक्य नाही. तरीही भारतातील पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाची निगेटिव्ह एका गृहिणीच्या हातून, घरच्या अंधारात आकाराला आली, हे सत्य घरी फिल्म धुणाऱ्या प्रत्येकाने अभिमानाने लक्षात ठेवावे असे आहे. मोठ्या प्रयोगशाळेशिवाय हे काम होत नाही, ही समजूत त्या घराने शंभर वर्षांपूर्वीच खोटी ठरवली आहे.

फिल्म धुणे म्हणजे काय, हे समजल्याशिवाय लांबीचा प्रश्न नीट उलगडत नाही. प्लास्टिकच्या पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर हॅलाइड या चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. या थराला इमल्शन म्हणतात. प्रकाश लागलेल्या स्फटिकात चांदीचे काही मोजके अणू मोकळे होतात, पण ते इतके थोडे असतात की डोळ्याला काहीच दिसत नाही. या अदृश्य ठशाला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपर हे द्रावण असा ठसा उमटलेल्या स्फटिकाचे संपूर्ण रूपांतर धातुरूप काळ्या चांदीत करते आणि प्रकाशाचा तो सूक्ष्म परिणाम कोट्यवधी पटींनी वाढवते. कोडॅकने १९२७ मध्ये प्रचारात आणलेला डी-७६ हा डेव्हलपर आजही प्रमाण मानला जातो आणि त्याची घटना साधी आहे: एक लिटर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि २ ग्रॅम बोरॅक्स. यांपैकी मेटॉल आणि हायड्रोक्विनोन प्रत्यक्ष काम करतात, सल्फाइट त्यांना हवेने खराब होऊ देत नाही आणि बोरॅक्स द्रावणाला आवश्यक तेवढा अल्कधर्म देतो. काम होत असताना डेव्हलपर खर्ची पडतो आणि त्याच वेळी फिल्ममधून सुटलेले ब्रोमाइड द्रावणात मिसळून पुढच्या क्रियेला लगाम घालते. जेथे चित्राचा भाग खूप उजळ, म्हणजे निगेटिव्हवर गडद, तेथे द्रावण आधी थकते. म्हणून थकलेले द्रावण हलवून ताजे द्रावण फिल्मच्या प्रत्येक भागाशी सतत आणावे लागते. फिल्म जितकी लांब, तितके हे काम अवघड.

पहिली परीक्षा अंधारात होते. फिल्म टाकीत घालण्यापूर्वी ती रिळावर चढवावी लागते; रीळ म्हणजे दोन समोरासमोरच्या चकत्या, ज्यांच्या आतल्या बाजूला चकलीच्या वेढ्यांसारखी सलग खाच असते आणि त्या खाचेत फिल्मच्या दोन्ही कडा अडकवल्या की फिल्म कोठेही स्वतःला न चिकटता गुंडाळली जाते. प्लास्टिकच्या रिळात फिल्म बाहेरून आत सरकते आणि दोन्ही चकत्या आलटूनपालटून मागेपुढे फिरवल्या की आतील बारीक गोळ्या तिला पुढे ढकलतात. पोलादी तारेच्या रिळात ती मध्यभागी अडकवून आतून बाहेर भरावी लागते. येथे एक महत्त्वाचा भेद आहे. पॅटरसनसारखे प्लास्टिकचे रीळ कमीजास्त रुंदीला लावता येते आणि त्याची खाच ३५ मिलिमीटरच्या छत्तीस चित्रांच्या, म्हणजे सुमारे एक मीटर साठ सेंटिमीटर लांबीच्या रोलसाठी आखलेली असते, त्यामुळे रुंदी वाढवताच त्याच खाचेत २२० चा लांब रोल किंवा एकामागून एक असे १२० चे दोन रोल मावतात. पोलादी रिळांचे मात्र दोन स्वतंत्र प्रकार आहेत. २२० च्या रिळात वेढे अधिक आणि त्यांमधील अंतर कमी असते, आणि १२० चे पोलादी रीळ लांब रोलला पुरत नाही, ही गोष्ट अंधारात निम्मी फिल्म चढल्यावर कळली तर उपाय उरत नाही. एका रिळावर दोन रोल चढवताना दुसऱ्या रोलचे टोक पहिल्यावर चढण्याचा धोका असतो, म्हणून पहिला रोल अगदी आतपर्यंत सरकवावा लागतो. जोबो या जर्मन कंपनीच्या रिळात दोघांना वेगळे ठेवण्यासाठी लाल खिट्टीच दिलेली असते.

आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्म सर्व रंगांच्या प्रकाशाला प्रतिसाद देतात, म्हणून त्यांना पॅन्क्रोमॅटिक म्हणतात आणि त्यांच्यापुढे लाल दिवासुद्धा चालत नाही. फिल्म चढवण्याचे सारे काम पूर्ण काळोखात किंवा चेंजिंग बॅगमध्ये, म्हणजे हात घालण्यासाठी बाह्या असलेल्या दुहेरी अस्तराच्या काळ्या पिशवीत, केवळ स्पर्शाने करावे लागते. १२० च्या रोलमध्ये फिल्म फक्त आरंभाच्या टोकाला कागदाला चिकटवलेली असते, त्यामुळे गुंडाळी उलगडताना आधी मोकळे टोक हाती येते आणि चिकटपट्टी शेवटी भेटते. २२० मध्ये दोन्ही टोकांना कागद जोडलेला असतो आणि तो दोन्हीकडे सोडवावा लागतो. चिकटपट्टी झटक्याने ओढली तर त्या घर्षणाने क्षणभर मंद उजेड निघतो, म्हणून ती सावकाश सोडवावी किंवा कात्रीने फिल्मच्या कडेलगत कापावी. लांब आणि रुंद फिल्म हातात वळते, तिला मुडप पडते, आणि मुडपीच्या जागी धुतल्यावर चंद्रकोरीसारखा काळा डाग उमटतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बॅगेतल्या हातांना घाम सुटतो, जिलेटिन तो शोषून घेते आणि फिल्म खाचेत अडकून बसते. लांब रोलमध्ये हे अडकणे बहुधा शेवटच्या वेढ्यांत घडते, जेथे घर्षण सर्वाधिक असते. यावरचा उपाय बळजबरीचा नाही: रीळ पूर्ण कोरडे हवे, फिल्मची पुढची टोके किंचित गोलाकार कापलेली हवीत आणि अडल्यास सर्व काही प्रकाशबंद टाकीत झाकून हात कोरडे करून पुन्हा सुरुवात करण्याइतका धीर हवा. वाया गेलेला एखादा रोल राखून ठेवून त्यावर आधी उजेडात, मग डोळे मिटून आणि शेवटी अंधारात सराव केल्याशिवाय लांब रोलला हात लावू नये, हा या कामातला सर्वांत मोलाचा सल्ला आहे.

दुसरी परीक्षा हिशेबाची आहे आणि तीच सर्वाधिक दुर्लक्षित राहते. १२० चा एक रोल, छत्तीस चित्रांचा ३५ मिलिमीटरचा एक रोल आणि आठ बाय दहा इंची एक सपाट फिल्म या तिन्हींचे क्षेत्रफळ जवळपास सारखे, म्हणजे ८० चौरस इंच किंवा सुमारे ५०० चौरस सेंटिमीटर असते. २२० चा रोल म्हणजे त्याच्या दुप्पट. टाकीवर छापलेले आकडे मात्र फिल्म बुडण्यापुरते द्रावण किती लागते एवढेच सांगतात. पॅटरसनच्या टाकीत या रुंदीच्या एका रिळासाठी ५०० मिलिलिटर द्रावण लागते आणि ते रोल लांब असो वा आखूड, तेवढेच राहते. बुडणे आणि पुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डी-७६ समान पाणी घालून वापरल्यास ८० चौरस इंच फिल्मसाठी ४७३ मिलिलिटर द्रावण घ्यावे आणि तेवढ्याच द्रावणात दुप्पट फिल्म धुवायची असल्यास वेळ दहा टक्क्यांनी वाढवावा, असे कोडॅकचे मार्गदर्शन आहे. एक्सटॉल या डेव्हलपरसाठी प्रत्येक ८० चौरस इंचामागे मूळ द्रावण किमान १०० मिलिलिटर असलेच पाहिजे, मग त्यात पाणी कितीही घातलेले असो. म्हणजे लांब रोलसाठी एक लिटरची टाकी घेऊन, भरलेल्या रिळावर एक रिकामे रीळ ठेवून ती पूर्ण भरणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. काटकसर करून द्रावण अपुरे घेतले तर चित्रे उमटतात, पण ती फिकी, उजळ भागांत निस्तेज आणि मूळ दृश्यातील तेज हरवलेली असतात. दोष कॅमेऱ्याला किंवा फिल्मला दिला जातो आणि खरे कारण टाकीत राहून गेलेले असते.

तिसरी परीक्षा हालचालीची. झाकण बंद केलेली टाकी उलटीसुलटी करून द्रावण हलवण्याला ॲजिटेशन म्हणतात, आणि प्रत्येक मिनिटाच्या पहिल्या दहा सेकंदांत टाकी चार वेळा उलटी करावी अशी इलफर्ड कंपनीची प्रचलित पद्धत आहे. टाकी हलवलीच नाही तर ब्रोमाइडयुक्त जड द्रावण खाली ओघळून फिल्मवर पट्टे उमटतात, आणि अती जोराने किंवा नेहमी एकाच लयीत हलवली तर द्रावणाचे ठरावीक प्रवाह तयार होऊन कडा अधिक गडद होतात. मीडियम फॉरमॅटच्या चित्रात आकाशासारखे मोठे, सलग, एकरंगी भाग असतात आणि असमान धुलाई तेथेच सर्वांत आधी उघडी पडते. २२० च्या पोलादी रिळात वेढे जवळजवळ असल्यामुळे द्रावणाला फिरायला वाव कमी मिळतो, म्हणून टाकी उलटताना प्रत्येक वेळी ती हाताच्या तळव्यात थोडी फिरवून घेणे हितावह ठरते. याच कारणाने धुण्याचा एकूण वेळ पाच मिनिटांपेक्षा कमी असू नये: मोठी टाकी भरायला दहा-पंधरा सेकंद लागतात, फिल्मची खालची कड वरच्या कडेच्या आधी ओली होते, आणि एकूण वेळ जितका थोडा तितका हा फरक निगेटिव्हवर ठळक दिसतो. कोडॅकच्या ट्राय-एक्स ४०० या फिल्मला २० अंश सेल्सियसला मूळ डी-७६ मध्ये पावणेसात मिनिटे लागतात आणि समान पाणी घातल्यास पावणेदहा. लांब रोल धुणाऱ्याने दुसरा पर्याय निवडावा, कारण वाढीव तीन मिनिटांत सुरुवातीची विषमता बरीचशी बुजून जाते.

या आकड्यांमधील २० अंश हे मूल्य युरोप-अमेरिकेच्या हवेला साजेसे आहे. विदर्भात वैशाखात गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला येते तेव्हा ते हाताला चटका देण्याइतके तापलेले असते, आणि मुंबईत पावसाळ्यातही पाण्याचे तापमान २० अंशांच्या आसपास उतरत नाही. तापमान वाढले की क्रिया वेगाने होते आणि वेळ आखडतो. त्याखेरीज जिलेटिन फुगून मऊ पडते आणि नखाचा स्पर्शही त्यावर ओरखडा उमटवतो. उष्ण प्रदेशांसाठी पूर्वी डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचे फुगणे आवरण्याची आणि पुढच्या टप्प्यावर क्रोम तुरटीने ते कडक करण्याची रीत होती. आजच्या फिल्म कारखान्यातच पुरेशा कडक केलेल्या असतात, त्यामुळे घरी बर्फाचे खडे टाकलेल्या परातीत डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर आणि धुण्याचे पाणी अशी सर्व द्रावणे एकत्र ठेवून ती एकाच तापमानाला आणणे पुरते. २४ अंशांना धुतले तरी त्या तापमानाची वेळ कोष्टकात पाहून घेतली की काम नेटके होते. गारठ्याचा हव्यास धरण्यापेक्षा सर्व द्रावणांतील तापमान एकसारखे राखणे जास्त महत्त्वाचे, कारण फिल्म गरमातून एकदम थंडात गेली तर जिलेटिन सुरकुतते आणि चित्रभर बारीक तड्यांचे जाळे पडते.

डेव्हलपर ओतून दिल्यावर सौम्य ॲसेटिक आम्लाचा स्टॉप बाथ क्रिया तत्काळ थांबवतो आणि मग फिक्सर, म्हणजे जुन्या स्टुडिओतल्या भाषेत हायपो, प्रकाश न लागलेले चांदीचे क्षार विरघळवून काढतो. सोडियम थायोसल्फेटचा हा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये नोंदवला होता आणि वीस वर्षांनी छायाचित्रणाचा जन्म झाला तेव्हा तोच चित्र टिकवण्याच्या कामी आला. फिक्सर पुरेसा ताजा आहे की नाही हे पाहण्यासाठी फिल्मचा कापलेला तुकडा त्यात टाकून तो स्वच्छ व्हायला लागणारा वेळ मोजावा आणि त्याच्या किमान दुप्पट वेळ रोलला द्यावा. येथेही २२० चा एक रोल म्हणजे दोन रोल, असाच हिशेब ठेवावा. वापरलेल्या फिक्सरमध्ये विरघळलेली चांदी असते. ती मोरीत सोडणे पाण्याला घातक आहे, आणि मोठे स्टुडिओ व एक्स-रे विभाग जसे ते द्रावण चांदी काढून घेणाऱ्यांना देत आले, तसे थोड्या प्रमाणात का होईना, घरी धुणाऱ्यांनीही करावे. यानंतरच्या धुण्यासाठी नळ अर्धा तास सोडून ठेवण्याची गरज नाही. टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटी करावी, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा, ही इलफर्डने रूढ केलेली पद्धत तीन लिटर पाण्यात लांब रोल स्वच्छ करते, आणि ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते तेथे या तीन लिटरांचे मोल निराळे सांगायला नको.

शेवटची परीक्षा वाळवण्याची, आणि तीच लांबीची सर्वांत दृश्य अडचण आहे. दीड मीटरहून लांब ओली पट्टी भिंतीला, दाराला वा स्वतःला न चिकटता लोंबत राहील अशी उंच आणि धूळरहित जागा लहान घरात सहज सापडत नाही. न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेने धूळ खाली बसू द्यावी, छताजवळच्या दोरीला फिल्म टांगावी, खालच्या टोकाला वजनदार चिमटा लावावा आणि पंखा बंद ठेवावा. विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी वाळताना पांढरे ठिपके ठेवून जाते, म्हणून अखेरचे बुडवणे डिस्टिल्ड पाण्यात, थेंब ओघळून जावेत यासाठी वेटिंग एजंटचे काही थेंब घालून करावे. वाळलेला रोल तीन-तीन चित्रांच्या पट्ट्यांत कापला की चार पट्ट्या आठ बाय दहा इंची कागदावर मांडून कॉन्टॅक्ट प्रिंट काढता येते आणि २२० च्या रोलला असे दोन कागद लागतात. कोकणात आणि घाटावरच्या पावसाळ्यात जिलेटिनवर बुरशी धरते. तेव्हा पट्ट्या पाकिटात घालून, सिलिका जेलसह कोरड्या डब्यात ठेवणे हा धुलाईचाच अखेरचा टप्पा समजावा.

डिजिटल छायाचित्रण रुळल्यावर मोठ्या कंपन्यांनी २२० चा रोल एकामागून एक बंद केला, कारण कागदाचे तुकडे जोडून लांब फिल्म गुंडाळण्याची वेगळी यंत्रे थोड्या मागणीसाठी चालवणे परवडेनासे झाले; १२० मात्र आजही तयार होतो, आणि दोन रोल एकाच रिळावर चढवणाऱ्याला लांब रोलचे सगळे प्रश्न आजही तसेच भेटतात. चित्र टिपणे हे क्षणाचे काम आहे, पण ते चित्र अस्तित्वात आणणे हे तासाभराच्या अखंड अवधानाचे काम आहे, आणि ते दुसऱ्यावर सोपवल्याने आपण नेमके काय पाहिले होते याचे उत्तरदायित्वही दुसऱ्यावर जाते. घरी रोल धुणारा माणूस प्रकाश मोजण्याकडे नव्या दृष्टीने पाहू लागतो, कारण सावलीत कमी पडलेला प्रकाश कोणताही डेव्हलपर भरून काढत नाही, हे त्याने स्वतःच्या निगेटिव्हवर पाहिलेले असते. आवडत्या चित्राला जास्त आणि नावडत्याला कमी, असा भेद टाकीत करता येत नाही. काळजी घ्यायची ती सबंध लांबीची घ्यावी लागते. ही शिस्त छायाचित्रणापलीकडेही उपयोगी पडणारी आहे.

म्हणून ज्यांच्या घरी जुना यशिका किंवा आगफाचा कॅमेरा कपाटात पडून आहे, त्यांनी तो बाहेर काढावा, १२० चा एक रोल घ्यावा आणि तो कोणाला धुवायला न देता स्वतः धुवावा. एक रोल नीट जमला की दोन रोल एका रिळावर चढवावेत आणि क्वचित कोठे २२० चा रोल हाती आलाच तर तो भीड न बाळगता धुवावा. त्यासाठी अद्ययावत प्रयोगशाळा लागत नाही. कोरडे रीळ, पुरेसे द्रावण, एकसारखे तापमान आणि घाई न करणारे हात एवढे असले, तर लांब रोलचे पहिले आणि चोविसावे चित्र सारख्याच स्पष्टपणे उमटते.